वारशाने आलेली ‘१८५७ ची एन्फील्ड’ : ओळख, खुणा आणि कायदा

सांगली जिल्ह्यातील वाड्याच्या माळ्यावर सापडलेल्या बंदुकीविषयी आपण विचारले आहे. आपण दिलेल्या माहितीनुसार तिची एकूण लांबी सुमारे १४० सेंटिमीटर आहे, नळी तीन कड्यांनी लाकडाला जखडलेली आहे, घोड्याखालच्या लोखंडी पट्टीवर मुकुट, ‘व्ही. आर.’, ‘टॉवर’ ही अक्षरे आणि १८५९ हे साल आहे, तर दस्त्यावर देवनागरीत ‘५८’ हा आकडा कोरलेला आहे. नळीच्या तोंडाचा व्यास साध्या पट्टीने सतरा मिलिमीटरच्या आसपास भरतो आणि मागचा नेम, म्हणजे नेम धरण्याची मागची खाच, वरखाली होत नाही. घरातील आठवण अशी की, खापरपणजोबांनी १८५७ च्या बंडात ही एन्फील्ड रायफल इंग्रजांकडून हिसकावून आणली होती. ती आठवण खरी मानावी का, बंदूक घासूनपुसून दिवाणखान्यात लावावी का, आणि अमेरिकेत राहणाऱ्या भावाला ती नेता येईल का, हे आपले प्रश्न आहेत.

आपल्या वर्णनावरून माझे मत असे आहे की ही बंदूक एन्फील्ड घराण्यातील आहे, पण ती रायफल, म्हणजे नळीत आतून वळणदार खाचा (आटे) असलेली बंदूक, नाही. १८५७ च्या उठावात तिचा वापर झालेला असणे शक्य नाही, कारण तो उठाव झाला म्हणूनच ती अशी घडवली गेली. १८५८ किंवा १८५९ च्या नमुन्याची, आतून गुळगुळीत नळी असलेली, हिंदी शिपायांसाठी काढलेली ही ठासणीची, म्हणजे दारू आणि गोळी तोंडातून ठासून भरायची, बंदूक असावी. हे मत कशाच्या आधारावर आहे आणि कोणत्या मापाने ते पक्के किंवा खोटे ठरेल, ते पुढे सांगतो. त्याआधी एक गोष्ट करावी लागेल, कारण ती केल्याशिवाय पुढचे कोणतेही माप घेणे धोक्याचे आहे.

ठासणीची बंदूक भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून कळत नाही. शिकारीहून परतताना बार न काढताच बंदूक खुंटीला अडकवणे ही जुनी आणि सर्रास सवय होती, आणि काळी दारू कोरडी राहिली तर शंभर-दीडशे वर्षांनीही पेटू शकते. म्हणून नळीचे तोंड कोणाच्याही दिशेने येणार नाही अशा रीतीने बंदूक आडवी ठेवावी, घोडा आणि चाप यांना हात लावू नये, आणि एक सरळ, बारीक लाकडी काठी तोंडातून अलगद आत सरकवावी. लोखंडी गज वापरू नये. काठी थांबेल तेथे नळीच्या तोंडाशी खूण करून तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहावी. तिचे टोक घोड्याखाली टोपी, म्हणजे घोड्याच्या आघाताने बार पेटवणारी स्फोटक टोपी, बसवण्याच्या खुंट्याच्या जवळपास पोहोचले तर नळी रिकामी आहे. ते पाच-आठ सेंटिमीटर अलीकडेच थांबले तर आत बार आहे असे गृहीत धरावे. कधी कधी ही अडचण कुंभारमाशीच्या मातीच्या घराची किंवा गंजाच्या खपल्यांची असते, पण तो निर्णय घरी करण्याचा नाही. आत काहीही आहे असे वाटल्यास ते खरवडून काढण्याचा, पाणी ओतण्याचा किंवा खालून तापवण्याचा प्रयत्न करू नये. बंदूक आहे तेथेच ठेवून पोलिसांना तसे कळवावे.

आता ओळखीकडे वळू. घरात सापडलेल्या लष्करी बंदुकीचे साल लोक नेहमी लॉकप्लेटवर, म्हणजे घोड्याखालच्या पट्टीवर वाचतात आणि तेच बंदुकीचे साल धरतात. चुकीच्या ओळखीचे हे सर्वांत मोठे कारण आहे. ते साल फक्त त्या पट्टीचे असते. नळी वेगळ्या कारखान्यात घडलेली असू शकते, दस्ता नंतर बदललेला असू शकतो, आणि लष्करी भांडारातील दुरुस्तीत एका बंदुकीचे लॉक दुसरीला बसवणे हा नित्याचा प्रकार होता. म्हणून बंदूक वाचताना आधी बार उडवण्याची पद्धत, मग नळी, मग नेम, मग लॉकप्लेट आणि सर्वांत शेवटी नंतर कोणी कोरलेले आकडे, हा क्रम मी पाळतो. या सगळ्यांची साक्ष एकमेकींशी जुळली तरच नाव घ्यावे.

बार उडवण्याच्या पद्धतीवरून मोठे गट लगेच वेगळे होतात. जामगीने पेटणारी तोड्याची बंदूक किंवा गारगोटीच्या ठिणगीने उडणारी चकमकीची बंदूक आपल्याकडची नाही, कारण आपल्या छायाचित्रात घोड्याच्या टोकाला पोकळ खळगा आहे आणि त्याखाली टोपीचा खुंटा आहे. म्हणजे ती टोपीची बंदूक झाली. नळीच्या मागच्या टोकाशी उजव्या बाजूला बिजागरीवर उघडणारे झाकण असते, तर ती स्नायडर ठरली असती. जेकब स्नायडर या अमेरिकनाच्या युक्तीने जुन्या एन्फील्डच्या मागच्या बाजूला झाकण बसवून तिला काडतुसाची बंदूक बनवण्याचा हा प्रकार ब्रिटनने १८६६ मध्ये स्वीकारला. चापाच्या मागे खाली ओढायची लोखंडी दांडी असती आणि बाहेर घोडाच नसता, तर ती १८७१ नंतरची मार्टिनी-हेन्री असती. मागेपुढे सरकणारा बोल्ट असता, तर आपण ली-मेटफर्ड किंवा ली-एन्फील्डच्या काळात, म्हणजे १८८८ च्या पुढे आलो असतो, आणि मग प्रश्न ओळखीपेक्षा कायद्याचा अधिक झाला असता; त्याविषयी पुढे लिहिले आहे. गोव्यातील घरांत मात्र हा ठोकताळा जसाच्या तसा लावू नये, कारण तेथे पोर्तुगीज लष्कराच्या वेगळ्याच बंदुका असू शकतात, उदाहरणार्थ ऑस्ट्रियातील स्टायर येथे बनलेली १८८६ ची क्रोपाचेक.

टोपीची, तीन कड्यांची, १४० सेंटिमीटर लांबीची ब्रिटिश लष्करी बंदूक म्हटली की पहिले नाव १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्डचे येते, आणि आपल्या घरातील आठवणही तेच नाव घेते. त्या रायफलीची एकूण लांबी ५५ इंच आणि नळी ३९ इंच, म्हणजे जवळपास ९९ सेंटिमीटर असते. नळीचा आतला व्यास ०.५७७ इंच, म्हणजे १४.६६ मिलिमीटर असतो आणि आत तीन रुंद, उथळ आटे असतात. हे आटे इतके सावकाश वळतात की ७८ इंचांत एक वेढा पूर्ण होतो, त्यामुळे ३९ इंचांच्या नळीत त्यांचा अर्धाच वेढा दिसतो. मागचा नेम शिडीसारखा उभा राहतो आणि त्यावर ९०० यार्ड किंवा त्याहून लांबच्या अंतराच्या खुणा असतात.

आपली बंदूक नेमकी येथेच वेगळी पडते. आपल्याकडे मागचा नेम म्हणजे खाच पाडलेला एक स्थिर ठोकळा आहे, आणि नळीच्या तोंडाचे माप १४.६६ पेक्षा बरेच मोठे आहे. १८५८ च्या नमुन्यात एन्फील्डचीच नळी आतून कोरून ०.६५६ इंच, म्हणजे १६.६६ मिलिमीटर केली गेली आणि आटे नाहीसे झाले. साध्या पट्टीने ते माप सतरा भरणे अगदी स्वाभाविक आहे. व्हर्नियर कॅलिपर मिळवून तोंडाशी दोन आडव्या-उभ्या दिशांनी माप घ्यावे, कारण वर्षानुवर्षे बार ठासण्याचा गज घासल्याने तोंड थोडे लांबट झालेले असते. माप साडेसोळा ते सतराच्या दरम्यान आले आणि तिरप्या उजेडात आत आटे दिसले नाहीत, तर माझे मत पक्के झाले असे समजावे. ते साडेचौदा-पंधराच्या आसपास आले, तर मला ते पूर्णपणे बदलावे लागेल.

या नमुन्यात एक गंमत होती, आणि तिच्यावरून १८५८ आणि १८५९ यांच्यातला फरक कळतो. मूळ रायफलीची नळी आतून दोन मिलिमीटर मोठी केल्यामुळे तोंडाशी तिची कड फारच पातळ झाली, म्हणून १८५९ च्या नमुन्यात नळीच मुळात जाड घडवली गेली. आपल्या लॉकप्लेटवर १८५९ आहे, पण त्यावरून नमुना ठरवू नये. नळीच्या तोंडाच्या कडेची जाडी मोजून तिचे समोरून घेतलेले छायाचित्र पाठवावे, म्हणजे दोहोंपैकी कोणती हे सांगता येईल. त्याच वेळी माशीकडे, म्हणजे पुढच्या नेमाकडेही पाहावे. एन्फील्डमध्ये हाच लोखंडी ठोकळा संगीन अडकवण्याच्या कामाचा असतो. तो जागेवर, नीट चौकोनी असेल तर नळी पुढून कापलेली नाही. आपल्याकडील लांबी पूर्ण भरते, त्यामुळे मला ती कापलेली वाटत नाही, आणि हे विशेष आहे, कारण शिकारीसाठी वापरलेल्या बहुतेक बंदुकांची नळी हलकी करण्यासाठी हातभर तरी कापलेली आढळते.

आटे मुद्दाम का काढले, याचे उत्तर १८५७ मध्ये आहे. एन्फील्डच्या काडतुसांना गायीची आणि डुकराची चरबी लावल्याच्या बातमीने असंतोष पेटला हे सर्वांना माहीत असते. मात्र त्या वेळी ही रायफल बहुतेक देशी पलटणींच्या हाती पोहोचलीच नव्हती, हे सहसा सांगितले जात नाही. डमडम, अंबाला आणि सियालकोट येथील शिक्षण केंद्रांत निवडक शिपायांना ती शिकवली जात होती. बाकीच्यांकडे जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकाच होत्या. उठाव मोडल्यावर सरकारने धोरण ठरवले की हिंदी शिपायाच्या हातातील शस्त्र गोऱ्या सोल्जरच्या शस्त्रापेक्षा कमी पल्ल्याचे असावे. दिसायला एन्फील्ड, कवायतीला एन्फील्ड, पण शंभर यार्डांपलीकडे नेमाचा भरवसा नाही, अशी ही बंदूक त्या धोरणातून निघाली. पुढेही तोच क्रम राहिला: गोऱ्या पलटणींना मार्टिनी मिळाली तेव्हा देशी पलटणींना स्नायडर, आणि त्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा यांना मार्टिनी. माझ्या दृष्टीने आपल्याकडील बंदुकीचे मोल याच गोष्टीत आहे. साधी १८५३ ची रायफल जगभरच्या संग्रहांत शेकड्यांनी आहे. अविश्वासातून घडवलेली ही बंदूक मला तिच्यापेक्षा अधिक बोलकी वाटते.

लॉकप्लेटवरील ‘टॉवर’ या शब्दाने लोक हमखास फसतात. ही बंदूक टॉवर ऑफ लंडनमध्ये घडली असा त्याचा अर्थ नाही. बर्मिंगहॅम आणि लंडन येथील खासगी कारागिरांकडून भाग घेऊन सरकारी तपासणीखाली जोडलेल्या बंदुकांवर तो शब्द येतो. सरकारच्या एन्फील्ड येथील कारखान्यात यंत्रावर बनलेल्या बंदुकांवर ‘एन्फील्ड’ असे असते. यंत्रावरचे भाग एकमेकांना बसतात, तर टॉवरच्या बंदुकांचे भाग हाताने कानस मारून जुळवलेले असल्यामुळे बसत नाहीत. घोड्यामागच्या मुकुटाखाली ‘व्ही. आर.’ असणे म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या सरकारची मालमत्ता. नुसताच मुकुट असता, तर ती खासगी व्यापारासाठी बनलेली म्हणावी लागली असती. अमेरिकेतील यादवी युद्धात अशा हजारो बंदुका गेल्या. मुकुटाऐवजी मागच्या पायांवर उभा राहिलेला सिंह असता, तर ती १८५८ पूर्वीची, ईस्ट इंडिया कंपनीच्या मालकीची ठरली असती, आणि घरातील आठवणीला थोडा तरी आधार मिळाला असता. मात्र पर्यटकांना विकण्यासाठी बनवलेल्या नकली बंदुकांवर हाच सिंह सर्वाधिक आढळतो, त्यामुळे केवळ सिंहावर कधीही विसंबू नये.

नळीच्या डाव्या अंगाला, मागच्या टोकाशी बारीक ठसे असतील. तेथे ‘२५’ हा इंग्रजी आकडा आहे का, ते पाहावे. पाउंडभर शिशाच्या पंचवीस गोळ्या होतील एवढे तोंड, हा त्याचा अर्थ, आणि ०.५७७ इंचांच्या खासगी तपासणी झालेल्या नळ्यांवर तो नेहमी दिसतो. तो आपल्याकडे असेल आणि माप मात्र साडेसोळाच्या पुढे भरत असेल, तर नळी नंतर कोरली गेली याचा तो ठोस पुरावा होईल. मग ती कोणी आणि कधी कोरली हा वेगळा प्रश्न उभा राहील, कारण गावठी कारागीरही छऱ्यांसाठी नळ्या कोरून देत असत.

दस्त्यावरील ‘५८’ हे १८५८ नव्हे. शस्त्रागारात बंदुका मांडणीवर क्रमाने ठेवत, त्या जागेचा हा क्रमांक आहे, आणि तो देवनागरीत असणे ही आपल्या बंदुकीच्या पुढील आयुष्यातील महत्त्वाची खूण आहे. इंग्रजी पलटणीत किंवा जिल्हा पोलिसांत हा आकडा बहुधा इंग्रजीत आला असता. देवनागरी आकड्यावरून ती एखाद्या संस्थानाच्या शिबंदीत, म्हणजे पगारी शिपायांच्या फौजेत, असावी असा अंदाज करता येतो, आणि सांगली जिल्ह्याच्या आसपास सांगली, मिरज, जत, औंध, कोल्हापूर अशी संस्थाने होती. एक शक्यता मात्र आधी बाजूला काढावी लागेल. नेपाळच्या शस्त्रागारातील जुन्या बंदुकांवरही देवनागरी अक्षरे आणि आकडे असतात, आणि तेथील मोठा साठा या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी विकत घेतला. आपली बंदूक पिढ्यान्पिढ्या माळ्यावरच असेल तर नेपाळचा प्रश्न येत नाही, पण ‘५’ आणि ‘८’ यांचे वळण मुंबईकडच्या पद्धतीचे आहे की उत्तरेकडच्या, हे जवळून घेतलेल्या छायाचित्रावरून पाहता येईल.

आता घरातील आठवणीविषयी. कोल्हापुरात २७ व्या देशी पलटणीने जुलै १८५७ च्या अखेरीस बंड केले, आणि त्या वर्षी लागू झालेल्या शस्त्रबंदीच्या कायद्याविरुद्ध मुधोळ संस्थानातील हलगलीचे बेरड उठले, त्यामुळे आपल्या भागात उठावाच्या आठवणी असणे पूर्णपणे खरे आहे. पण त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात घरोघरची शस्त्रे गोळा केली गेली. इंग्रजांकडून हिसकावलेली सरकारी शिक्क्याची बंदूक त्या झडतीतून सुटली असेल असे मानणे कठीण आहे, आणि १८५९ ची लॉकप्लेट तर त्या गोष्टीच्या थेट विरोधात जाते. अधिक संभवनीय क्रम असा दिसतो की ती आधी सरकारकडून संस्थानाकडे आली, निरुपयोगी ठरल्यावर तेथून बाहेर पडली आणि पिकाच्या राखणीसाठी किंवा शिकारीसाठी परवान्यावर आपल्या घरी आली. म्हणून बंदुकीपेक्षा आधी घरातील कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली जुन्या कागदांची गाठोडी, सोडून पाहावेत. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतरचा एखादा परवाना, नूतनीकरणाची पावती किंवा संस्थानचा मोडीतील हुकूम सापडला, तर तो माझ्या सर्व अंदाजांपेक्षा भक्कम ठरेल. संस्थानी कागदांसाठी कोल्हापूरच्या पुरालेखागारात विचारणा करणे उपयोगी पडते.

घासूनपुसून लावण्याच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, चिंच आणि राख, पितळ चकचकीत करण्याची पावडर, यांपैकी काहीही वापरू नये. वर सांगितलेले ठसे केसाएवढे खोल असतात आणि एका दुपारच्या उत्साहात ते कायमचे जातात. चापाभोवतीच्या आणि दस्त्याच्या टाचेच्या पितळेवरचा काळपटपणा तसाच राहू द्यावा. लाकडाला व्हार्निश लावू नये. कोरड्या, मऊ कापडाने धूळ काढावी, लोखंडावर हलक्या तेलाचा नुसता हात फिरवावा, ते लाकडात मुरू देऊ नये, आणि घामट हातांनी नळी धरू नये. ठसे वाचायचे असतील तर खोलीत अंधार करून विजेरी अगदी तिरपी धरावी. खडू किंवा रंग भरण्याची गरज पडत नाही. लॉक उघडण्यासाठी पेचकस लावू नये, कारण त्या स्क्रूंच्या खाचा बारीक असतात आणि आजच्या पेचकसाने त्या हमखास फाटतात.

कायद्याचा भाग मी शेवटी घेतला असला, तरी कृतीत तो पहिला आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदूक बाळगण्यास परवाना लागतो, आणि ठासणीची बंदूक त्यातून आपोआप सुटत नाही. कलम ४५ मध्ये कालबाह्य नमुन्याच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता न येणाऱ्या शस्त्रांसाठी सवलत आहे. ‘दीडशे वर्षांची आहे, म्हणजे सवलत आहे’ असा त्याचा सोयीस्कर अर्थ लोक लावतात; पण आपल्याकडील बंदुकीचा घोडा आणि खुंटा शाबूत असेल, तर ती वापरता येणारी मानली जाण्याची शक्यता मोठी आहे. हा निर्णय आपण किंवा मी करायचा नाही. जिल्ह्यात जिल्हाधिकारी आणि आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त हे परवाना अधिकारी असतात. त्यांच्याकडून तो लेखी घ्यावा. तोवर परवाना नसलेले किंवा परवाना संपलेले शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करण्याची तरतूद कलम २१ मध्ये आहे, आणि मृत परवानाधारकाच्या वारसांचा हक्कही त्यात धरलेला आहे. जमा करण्यापूर्वी सर्व छायाचित्रे आणि मापे घेऊन ठेवावीत, पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावे, बंदूक स्वतःहून गाडीवर टाकून नेऊ नये आणि जमा केल्याची तपशीलवार पावती घ्यावी. वारसा परवान्यासाठी अर्ज करताना लक्षात ठेवावे की २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात आणि वारशाने आलेले शस्त्रही त्या मोजणीत येते. ही मोजणी आणि अर्ज यांसाठी शस्त्र कायद्याचे काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला घेणे शहाणपणाचे आहे.

आपल्या शेजारच्या वाड्यात बोल्टची रायफल आहे असेही आपण ओघात लिहिले आहे. तिच्याबाबत जास्त सावध राहावे लागेल. .३०३ बोअरच्या (बोअर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचे माप) रायफली आणि पोलिसांसाठी त्यांच्यावरून बनवलेल्या .४१० बोअरच्या मस्केट सामान्य परवान्याच्या वर्गात येत नाहीत, त्या निषिद्ध बोअरच्या वर्गात मोडतात, आणि त्या विनापरवाना बाळगण्याची शिक्षा फार कडक आहे. तिची ओळख पटवत बसण्याऐवजी शेजाऱ्यांनी ती आधी पोलिसांकडे जमा करावी.

भावाने बंदूक अमेरिकेत नेण्याचा विचार सोडून द्यावा. पुरावस्तू आणि कला संपदा अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत येते आणि केंद्र सरकार किंवा त्याने अधिकृत केलेली यंत्रणा सोडून कोणालाही ती देशाबाहेर नेता येत नाही. सामानातून नेणे हा शस्त्र कायद्याचा दुसरा गुन्हा होईल, तो वेगळाच. परवाना मिळाला नाही किंवा घरात ठेवण्याची इच्छा उरली नाही, तर परवाना अधिकाऱ्यांमार्फत ती एखाद्या संग्रहालयाला देण्याचा प्रस्ताव ठेवता येतो. कडेची जाडी, व्हर्नियरचे माप, नळीच्या डाव्या बाजूचे ठसे आणि ‘५८’ चे जवळून घेतलेले छायाचित्र, एवढे मिळाले की १८५८ चा नमुना की १८५९ चा, हे मी निश्चित सांगू शकेन.